नुसतं ‘हो’ म्हणायला

ऑनलाइन नकाशात नवा पूल काढता काढता त्याची अख्खी सकाळ गेली होती. त्याने ‘सेव्ह’ दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी उमटलं, ‘सर्व्हरकडून उत्तर नाही.’ दातओठ खात त्याने पुन्हा दाबलं.

“आज रिपोर्ट मिळणार आहे,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “डॉक्टरांनी सोबत कुणालातरी आणायला सांगितलंय. याल ना?”

चक्र फिरतच होतं. सर्व्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने परत दाबलं.

“ऐकलंत का? सोबत याल ना?”

उत्तर नाही. त्याने आणखी एकदा बटणावर बोट आपटलं.

“अहो, रिपोर्टचं म्हणत होते...”

“ऐकलंय मी!” तो खेकसला. “पहिल्या वेळीच ऐकलं, बहिरा नाहीये! किती वेळा तेच दळण दळशील?”

त्याने नकाशा बंद करून नव्याने उघडला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नदीवर एकावर एक चार पूल! दर वेळी सेव्ह झालं होतं, सर्व्हरने फक्त तसं कळवलं नव्हतं.

“अरे, पोचलं होतं, तर नुसतं ‘हो’ म्हणायला काय धाड भरली होती तुला?” त्याने टेबलावर मूठ आपटली.

बायको दारात उभी होती. पायात चपला, खांद्याला पर्स.

“वहिनीला फोन केला मी,” ती म्हणाली. “एकदाच विचारलं. लगेच ‘हो’ म्हणाली.”