आईच्या खोलीची लाइन

"आईच्या खोलीला सगळ्यात कमी द्या," तो म्हणाला आणि कानात फिरवलेली करंगळी त्याने पँटला पुसली.

वायरवाल्या बाईंनी नजर वळवली. घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढण्याच्या कामात त्यांनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण याच्याकडे बघवत नव्हतं. कीबोर्डच्या फटींत खरकटं, टेबलाखाली बुरशी धरलेले कप, आणि त्या सगळ्यावर ठेवलेला त्याचा तो गुबगुबीत हात.

"कमी म्हणजे किती?"

"माझ्या कॉम्प्युटरला अडीच गिगाचा स्पीड. मोठमोठे व्हिडिओ त्या साठवणीच्या डब्यात टाकायचे असतात मला. बाकी घराला एक गिगा चालेल ना?"

"पुरून उरेल. बाहेरून येणारी लाइनच तुमची तीनशे मेगाची. तारा वाटून देणारा स्विच कितीही भारी घेतलात तरी आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कॉम्प्युटर आणि डबा, ही दोन पोर्ट तेवढी अडीचची घ्या."

"पण एकेका पोर्टला लगाम घालता येईल असाच स्विच हवा." त्याने आवाज खाली आणला. "आईचं इतकं कमी करा की मेसेज जाईल, पण चित्र हलणार नाही."

"व्हिडिओ कॉल लागायला नको?"

"तेच."

"मग तारच काढून टाका की."

"काढली होती. घर डोक्यावर घेतलं तिनं. शेजारीपाजारी गोळा झाले. हळू केलं की तिला वाटतं, लाइनच खराब आहे. मी म्हणतो, तक्रार केलीय." तो किंचित हसला. दातांत काहीतरी हिरवं अडकलं होतं. "मोबाईल तर आधीच काढून घेतलाय."

त्याने पुढे केलेला चहा बाईंनी तोंडाला लावला नाही.

तार तपासायला त्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेल्या, तेव्हा दुसऱ्याच घरात आल्यासारखं वाटलं. लादी लख्ख. भिंतीवर पांढरीशुभ्र चादर ताणलेली, टेबलावर कॉम्प्युटर नि दिवा, आणि दिव्यासमोर इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसलेली म्हातारी.

"ये बाळ," ती म्हणाली. "कंबर धरलीय ना तुझी? चालण्यावरून कळलं मला."

बाईंना एकदम भरून आलं. कमरेच्या दुखण्याबद्दल त्यांच्या घरातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं.

"ही लाइन सुधारेल का गं? कुणाचा चेहरा धड दिसत नाही. आवाज फाटतो, चित्र गोठतं. मुलगा बिचारा तक्रारी करून थकला."

बिचारा! बाईंनी ओठ आवळले. "कुणाशी बोलता, आई?"

"माझी लेकरं गं. लांब लांब विखुरलीत. मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला थारा नाही."

बाहेर येऊन बाईंनी स्विच भिंतीला बसवला. हात काम करत होते, डोकं तापत होतं. शेवटी राहवलं नाही.

"बाकीच्यांना चालतं का हे?"

"बाकीचे कोण? मी एकटाच मुलगा. निस्तरायचं मलाच असतं."

म्हणजे मुली याच्या हिशोबातच नाहीत, बाईंच्या मनात आलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोन शब्द बोलल्या आई कुणाशी, तर तुमचं काय जातं?"

त्याने कप बाजूला सारला. "तिचा चेहरा दिसला की लोक ऐकतच बसतात हो." मग कोरड्या आवाजात म्हणाला, "घरातलं आहे. तुम्ही तुमचं काम करा."

बाईंनी केलं. कॉम्प्युटर आणि डबा अडीचवर, टीव्ही एकवर, आणि 'आई' असं नाव दिलेल्या पोर्टाला असा करकचून लगाम, की चित्र काय, चित्राची सावलीही जाऊ नये. त्याने आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाकून आकडा दोनदा वाचला. त्याच्या मानेचा घामट वास बाईंच्या नाकात गेला. मग समाधानाने मान डोलवून तो कामावर निघाला. दार ओढून घ्यायला सांगून गेला.

जिन्यातली पावलं विरली. बाईंनी म्हातारीची तार उपटली आणि शेजारच्या रिकाम्या पोर्टात खुपसली. त्याला काहीही लगाम नव्हता. पडद्यावर 'आई' तशीच बांधलेली दिसत राहणार होती. बघ म्हणावं हवं तेवढं! तोंडातली घाण थुंकून टाकावी तसं त्यांना हलकं वाटलं.

"आई, आता लावून बघा," त्यांनी आत डोकावून सांगितलं. "आणि हे तुमच्या माझ्यातच हं."

म्हातारीने त्यांचा हात डोळ्यांना लावला. तिने बटण दाबताच चित्र उमटलं, आरशासारखं स्वच्छ. एक तरुण जोडपं, आणि त्यातल्या तरुणीच्या मांडीवर मान टाकलेलं बारीक चणीचं पोर.

"आई! दिसलात एकदाच्या!" ती तरुण बाई हुंदके द्यायला लागली. "किती दिवस झाले हो! काय करावं, काही सुचत नव्हतं."

वायरवाल्या बाईंचे डोळे पाणावले. त्या मागे सरल्या, बॅगेत पक्कड ठेवली आणि दार हलकेच लोटून घेऊ लागल्या. आतून म्हातारीचा आवाज आला. मायाळू, ठाम, एक अक्षरही न तुटणारा.

"रडायचं नाही. मी आलेय ना आता? पोराचं इन्सुलिन आत्ताच्या आत्ता बंद करा, आणि त्या डॉक्टरची पायरी पुन्हा चढायची नाही."