लाडाचं झाड

"या एकट्या पेरूला वेगळं काय घालता, काका?" माती तपासणाऱ्या बाईंनी विचारलं. आजोबा खुलले. नातीच्या नावानं लावलेलं झाड. त्याचं फळ तिच्याशिवाय कुणी तोंडात घालायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. "राख! जुन्या बॅटऱ्या वितळवतो ना, त्या भट्टीतली. बाकीच्या झाडांना नुसतं शेणखत, हे मात्र लाडाचं!" बाईंचा चेहरा उतरला. "काका, बाकी बाग ठीक आहे. या झाडाच्या मातीत भरमसाट शिसं निघालंय. फळांतसुद्धा. विष आहे ते." आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात नात पेरू खातच बागेत आली. कधी आवाजही न चढवणाऱ्या आजोबांनी झडप घालून तिच्या हातावर फटका मारला. अर्धा खाल्लेला पेरू मातीत गडगडला. ती हुंदके देत म्हणाली, "मी कुणालाच देत नाही, आजोबा. शप्पथ! सगळे पेरू एकटीच खाते."