उत्तरेची सीमा

भोक चौकोनी होतं.

प्रमोदिनीने भिंग बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. शके १७५६ची सनद टेबलावर उलगडलेली होती. तीन सीमा तिने मोडीतून बालबोधीत उतरवल्या होत्या. पूर्वेस पांदण, दक्षिणेस नाला, पश्चिमेस मारुतीचे देऊळ. चौथ्या ओळीत ‘उत्तरेस’ एवढंच होतं. त्यापुढे कागदातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

“काय झालं जी?” समोर बसलेल्या नत्थुजींनी विचारलं.

“इथला कागद गेलाय.”

“कुठं गेला?”

तिने भिंग पुन्हा भोकावर धरलं. नत्थुजी पहाटेच मूर्तिजापूरहून गाडीत बसून अमरावतीला, जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या या इतिहास मंडळात आले होते. उद्या अकोल्याच्या कोर्टात तारीख होती. गावची गुरं चरायची ई-क्लास जमीन आणि तिच्यातलं तळं सौर कंपनीला द्यायचं सरकारने ठरवलं होतं. गावाचं म्हणणं, जमीन सनदेने गावाला दिलेली. उत्तरेची सीमा टेकडीपर्यंत असेल तर तळं गावाचं. नाहीतर कंपनीचं.

“आखाडीत तुमीच तर वाचून दाखवलं होतं,” नत्थुजी म्हणाले. “टेकडीचे पायथियापावेतो. मी पाठच केलं ना. घरच्या बुढीले आयकवलं, सरपंचाले आयकवलं.”

तिलाही आठवत होतं. त्या दिवशी तिने वाचून दाखवलं, लिहून दिलं नव्हतं. लेखी उतारा अर्ज केल्यावर मिळतो, असा मंडळाचा नियम. आणि फोटोला मनाई, उजेडाने शाई उडते म्हणून. नत्थुजींनी मोबाइल काढला तेव्हा तिनेच तो खिशात ठेवायला लावला होता.

“सर, जरा येता का?”

मंडळाचे कार्यवाह नारायणराव पलीकडे नव्या लोखंडी कपाटांपाशी बसले होते. ही कपाटं त्याच सौर कंपनीने उन्हाळ्यात भेट दिलेली. ते सावकाश उठले आणि भोकाकडे ओझरतं पाहून म्हणाले, “कसर. पावसाळ्यात लागतेच.”

“कागद चार घड्यांचा आहे, सर. कसर लागली असती तर चारही घड्यांतून आरपार गेली असती. हे एकाच घडीत आहे. आणि कडा सरळ आहेत.”

“मग नीटनेटकी कसर असेल.”

नत्थुजी हसले. नारायणरावांनी हातातला कागद तिच्यापुढे ठेवला. उताऱ्यासोबत कोर्टात द्यायचं प्रमाणपत्र होतं ते, छापून तयार, खाली शिक्का. ‘उत्तर सीमेचा मजकूर कसरीने खाल्ल्यामुळे वाचता येत नाही.’ तारीख कालची होती. सनद बांधलेल्या रुमालाची गाठ प्रमोदिनीने दहा मिनिटांपूर्वी सोडली होती.

तिने वर पाहिलं. नारायणराव चष्म्याची काडी चावत खिडकीबाहेर बघत होते.

“मंग टेकडी लिवून टाका ना बाई,” नत्थुजी म्हणाले. “तुमाले ठावं हाय, मले ठावं हाय.”

“आठवणीतून उतारा होत नसतो, नत्थुजी,” नारायणराव म्हणाले. “कागदावर आहे तेवढंच लिहायचं. ताईच शिकवतात मोडीच्या वर्गात.”

ते खरं होतं. प्रमोदिनीने पेन उचललं. ‘कसरीने खाल्ल्यामुळे’ हे शब्द तिने एका रेषेने खोडले, वर लिहिलं, ‘धारदार वस्तूने कापून काढल्यामुळे’, आणि दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं घातली. कागदावर होतं तेवढंच तिने लिहिलं होतं.

नारायणराव चिडले नाहीत. त्यांनी दुरुस्ती दोनदा वाचली, मान हलवली आणि कपाटावरचं लांब रजिस्टर आणलं. कोणता रुमाल कोणी सोडला, समोर कोण होतं, याची नोंद त्यात व्हायची. नोंदीशिवाय गाठ सुटत नाही, हे मंडळ सगळ्यांना अभिमानाने सांगायचं. त्यांनी एक पान काढून रजिस्टर तिच्याकडे वळवलं.

आजची सोडली तर या रुमालापुढे अकरा वर्षांत एकच नोंद होती. आषाढातली. तिची सही, आणि शेजारी नत्थुजींची.

“कापलंय असं तुम्ही लिहिलंत. कोर्ट विचारणार, कोणी कापलं,” ते तिच्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले. “आणि टेकडी असती तर गावाने कशाला कापली असती? वेगळंच काही होतं म्हणून कापलं, असं कंपनीचा वकील म्हणेल. कसरीचं प्रमाणपत्र अजून पुन्हा छापता येतं, ताई.”

प्रमोदिनीने प्रमाणपत्रावर हात ठेवला. तिने तो हलवला नाही.

नारायणराव खुर्ची ओढून नत्थुजींच्या समोर बसले.

“नत्थुजी, त्या दिवशी हा कागद तुम्ही स्वतः हातात घेतला होता?”

“तं मंग! कपाळाले लावला ना. पंजोबाच्या आधीचा कागद तो.”

“खोलीत आणखी कोण होतं?”

“कोनीच नाई जी. मी अन् बाई.”

“नत्थुजी, थांबा,” प्रमोदिनी म्हणाली.

“काहून थांबू?” नत्थुजी पुढे सरकून बसले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं बोलणं कोणीतरी नीट ऐकून घेत होतं. “लिवा साहेब. आमी दोघंच होतो, तिसरं मानूस नव्हतं. मी कोर्टातबी हेच सांगतो.”

नारायणरावांनी कोरा कागद घेतला आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. मग कागद फिरवून खालची रिकामी जागा दाखवली.

नत्थुजींनी सहीसाठी प्रमोदिनीच्या हातातलं पेन घेतलं.