चाळणीतलं पाणी

सकाळीच ऊन तापलं होतं. अंगणातल्या छोट्या हौदातले सोनेरी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. सासूबाईंनी कणकेच्या गोळ्यांची वाटी उचलली.

"आई, नका टाकू," वैजयंती म्हणाली. "कालच्या गोळ्या तळाशी सडल्यात. पहाटे एक मेलेला काढला मी."

"अगं, तोंड वासून मागताहेत. मुक्या जिवांना उपाशी ठेवू?"

"भूक नाही हो त्यांना. तापल्या पाण्यात श्वास पुरत नाही."

रात्री पिंपात भरून ठेवलेलं पाणी ती बादलीनं आणून पिठाच्या चाळणीतून उंचावरून सोडत होती, हवा मिसळावी म्हणून. पहाटेपासून हेच चाललं होतं. दंड भरून आले होते. जुन्या लुगड्याचा आडोसा हौदावर बांधलेला होता. तिच्यावर ऊनच होतं.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. माशांकडे पाहिलं, मग सुनेकडे. तीही घामानं निथळत, तोंड उघडं ठेवून धापा टाकत होती.

"आणि तुला मी मघापासून खाऊन घे, खाऊन घे करतेय," त्या पुटपुटल्या. "आण ती चाळणी."

"तुम्हाला बादली झेपायची नाही."

"तांब्यानं घालीन. मासे काय पळून जातात? तू बस."

वैजयंती लुगड्याच्या सावलीत हौदाच्या कठड्याला टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. पाण्याच्या आवाजानं ती जागी होईल म्हणून सासूबाईंनी चाळणी खाली घेतली. मग माशांची आठवण झाली, आणि त्यांनी ती पुन्हा थोडी उंच धरली.