ढोल्याखालची मेजवानी

"न बघता निकाल ठरवलात तुम्ही! वर चढायला गुडघे नाहीत आणि 'पाडा' म्हणायला तोंड मात्र आहे!"

ओर्शुला हे नगरसभेच्या प्रमुखांना तोंडावर म्हणाली. तेही चर्चच्या मधोमध, कामावरचे सगळे पाथरवट आणि सुतार ऐकत असताना. तिचा नवरा ब्लाझेय बाजूला उभा होता. छत त्यानंच बांधलेलं. तो टोपीवरची चुन्याची धूळ झटकत म्हणाला, "अगं, जाऊ दे. हंस गार होईल."

"निकाल अजून दिलेला नाही," प्रमुख म्हणाले. "जेवणानंतर देऊ."

बोहेमियाच्या त्या खाणींच्या गावात रीतच होती. छताखालचा लाकडी ढोला, म्हणजे ज्याच्यावर छताच्या कमानी रचतात तो सांगाडा, उतरवायच्या आधी सभेनं कारागिरांना त्याच छताखाली भाजलेला हंस खाऊ घालायचा. ढोला कधी उतरवायचा हे मात्र सभा ठरवणार. ब्लाझेय उन्हाळ्यापासून परवानगी मागत होता, आणि सभा उन्हाळ्यापासून घाबरत होती. शेवटी त्यांनी छत तपासायला मोठ्या शहरातून बांधकामातले जाणकार किलियानमास्तरांना बोलावलं. छत टिकणार नाही असं ते म्हणाले, तर छत पाडायचं, मधे जाडजूड खांब उभे करायचे आणि ब्लाझेयनं या गावात पुन्हा कंपास हातात धरायचा नाही.

किलियानमास्तर शिडीपर्यंत गेले, वर पाहिलं आणि परत आले. ढोल्याच्या फळ्यांनी बहुतेक छत झाकलेलंच होतं. मग त्यांनी कारखान्यातल्या फरशीवर कोरलेला आराखडा पाहिला आणि म्हणाले, पुरे. मोठ्या माणसांचं सगळं फरशीवरच भागतं.

"छताच्या सगळ्या दगडी फासळ्यांना एकच गोलाई दिलीत तुम्ही," ते बाकावर टेकत म्हणाले. "लांब फासळीला तीच, आखूड फासळीला तीच. आमच्याकडे प्रत्येकीची कमान वेगळी असते."

"म्हणून तुमच्याकडे गाठीवर, फासळ्या जिथं मिळतात तिथं, त्या एकमेकींशी भांडतात," ब्लाझेय म्हणाला. "माझ्या सगळ्या एका कंपासातून निघाल्यात. फरशीवर भिंतीपासून गाठीपर्यंतची वाट मोजायची, तेवढंच अंतर त्या एका कमानीखाली मांडायचं आणि सरळ वर रेघ मारायची. गाठ किती उंच हे कमानच सांगते. सख्ख्या बहिणी आहेत त्या, मास्तर."

"सख्ख्या बहिणीच जास्त भांडतात," प्रमुख म्हणाले. सगळे हसले. ब्लाझेयही हसला.

ओर्शुला हसली नाही.

"आणि फासळ्यांमधली भरणी?" किलियानमास्तरांनी विचारलं. "अर्ध्या विटेची! हे काय, भाकरीवरचा पापुद्रा आहे?" त्यांनी ढोल्याच्या एका खांबाला कान लावला. "या, ऐका. कण्हतंय बिचारं. वरचा सगळा भार यानंच पेललाय."

"तुम्हाला ऐकू येतं?" ब्लाझेयनं विचारलं.

"आयुष्य गेलं यात."

"मग मधे बसा, मास्तर. बरोबर माथ्याखाली. भिंतीचा गारठा लागणार नाही."

हंस आला, आंबवलेली कोबी आली, बिअर आली. गप्पा रंगल्या. प्रमुखांनी पट्टा सैल केला. ब्लाझेय तर असा खुशीत जेवत होता की ओर्शुलाला त्याचाच राग आला.

वाढता वाढता तिचं लक्ष गेलं. सुतार हावेलची जागा रिकामी होती.

"हावेल कुठंय?"

"वर आहे. भूक नाही म्हणाला," ब्लाझेयनं सांगितलं.

"हावेलला भूक नाही?" तिचा हात थबकला. तिनं वरच्या फळ्यांकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. "अहो," ती त्याच्या कानाशी वाकली, "हातोडा घेऊन गेलाय तो?"

"सुतार आणखी काय घेऊन जाणार?"

"डोक्यात राख घालून घेऊ नका. ही माणसं वाईट असतील, पण यांना बायकापोरं आहेत."

"तू थोडी कोबी वाढ," ब्लाझेय म्हणाला. मग जरा मोठ्यानं विचारलं, "मास्तर, ढोला वर धरून ठेवणाऱ्या पाचरी काढल्या तर हे छत पडायला किती वेळ लागेल?"

"वेळ कसला?" किलियानमास्तर तंगडी चावत म्हणाले. "तुम्ही 'आमेन' म्हणायच्या आत विटा ताटात येतील."

"हे लेखी द्याल?"

"शपथेवर देतो."

प्रमुखांनी तुपकट बोटं पुसली आणि उभे राहिले. "ऐकलंत सगळ्यांनी. गोठवणारी थंडी पडायच्या आत छत पाडावं. सभेचा हा निकाल आहे."

ब्लाझेयनं शांतपणे तोंड पुसलं, मान वर केली आणि ओरडला, "हावेल! काढ रे पाचरी!"

बाक उलटले. सभेचे मेंबर एकमेकांना तुडवत दाराकडे पळाले. सगळ्यांच्या पुढे किलियानमास्तर होते, हातात तंगडी तशीच. प्रमुख टेबलाखाली शिरले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. ओर्शुलानं नवऱ्याची बाही घट्ट धरली आणि डोळे मिटले.

वरची एक फळी सरकली. छताची फासळी आणि ढोल्याचं लाकूड यांच्यामधून हावेलचा अख्खा हात खांद्यापर्यंत बाहेर आला आणि हलला. "कसल्या पाचरी? त्या तर आपण सुगीच्या आधीच काढल्या ना! तेव्हापासून ढोला वीतभर खाली उतरलाय, छताला कुठंसुद्धा शिवत नाही." ब्लाझेय टेबलाशी वाकला. "प्रमुखसाहेब, बाहेर या. दारातल्या मास्तरांनाही आत बोलवा. आणि मला एवढंच सांगा, सुगीपासून आजपर्यंत हे छत कुणाच्या आधारानं उभं आहे? बोला!"