ओला साचा

जुन्या मोटारींची तांब्याची तार आणि कथील मुशीत वितळून रसरसत होतं. शाळेची घंटा ओतताना पाहायला बाई मुलांना घेऊन दामोदरकाकांच्या परसात आल्या होत्या. काकांचे हात थरथरू लागल्यापासून ओतकाम त्यांची सून हेमलता करी.

तिने साच्याला हात लावला आणि चिमटा खाली ठेवला.

"मामंजी, साचा अजून ओला आहे. आता नाही ओतायचं."

"अगं, रस तयार आहे, एवढी माणसं आलीत. थोडी ओल चालते!"

"नाही चालत. ओलीची वाफ होऊन रस उडाला तर या पोरांच्या अंगावर येईल."

चाळीस वर्षांत त्यांना भट्टीपाशी कुणी नाही म्हटलं नव्हतं. ते ताडकन उठून घरात गेले. हेमलताने मुलांना परत पाठवलं आणि रस कोरड्या लोखंडी पन्हाळीत ओतून ठेवला.

दोन दिवस तिने साचा शेकला. तिसऱ्या दिवशी ओतलेली घंटा अखंड निघाली.

"काका, घंटेवर तुमचं नाव कोरायचं ना?" बाईंनी विचारलं.

दामोदरकाकांनी टोला दिला. नाद पूर्ण विरेपर्यंत ते थांबले.

"हेमलताचं कोरा. या घरची ओतारी आता ती आहे."