जोतीरामचं दही

“पोटात कळ उठली की दही खा रं, लेकरा.” इजिप्तच्या छावणीत डब्यातलं खाऊन जोतीरामला मुरडा यायचा, तेव्हा केव्हाच वारलेल्या आईचा हा आवाज वाळूवरून अनवाणी चालत यायचा.

लढाई संपली आणि तो विट्याजवळच्या आपल्या गावी आला तो पोट धरूनच. बायकोनं, हरणाबाईनं, रोज मडक्यातलं घट्ट दही पुढ्यात ठेवलं. हळूहळू मुरडा निवला, भाकरी गोड लागली, अंगात रग आली. काल तर पठ्ठ्यानं मडकं बोटानं पुसून खाल्लं.

आज सकाळी त्यानं काठी उचलली. “आता बघतोच मानसिंगाकडं. आमी लढाईवर, आन् ह्यो हिकडं आमचा बांध कोरतोय.”

मानसिंग शेजारचाच चुलतभाऊ. या बांधापायी दोन घरांनी बापाच्या काळापासून एकमेकांच्या घरचं पाणी पिणंसुद्धा सोडलेलं.

पदराखाली रिकामी वाटी धरून हरणाबाई दारात आडवी उभी राहिली.

“आवं, भांडाया उद्या जावा. काल तुमी इरजणापुरतंबी दही ठेवलं न्हाई, आन् आपलं इरजण मागल्या परड्यातनं त्येंच्याच घरनं येतंय, तुमच्या आईच्या वक्तापासनं.”